पहिल्या फेरीतला टॅकल: घ्यावा की थांबावे?

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, आणि तिच्या ड्राफ्टमध्ये संघ दरवर्षी कॉलेजमधले खेळाडू क्रमाने निवडतात. त्यात पहिल्या दहा-पंधरा क्रमांकांत ऑफेन्सिव्ह लाइनमन, म्हणजे आक्रमणाच्या पुढच्या रांगेतला खेळाडू, घेणे ही संघाने केलेली खरेदी असते, आणि तिची पारखही खरेदीसारखीच व्हायला हवी: मोबदला काय दिला, हाती काय आले, ते किती वर्षे टिकले आणि त्याच मोलात दुसरे काय मिळाले असते. हे परीक्षण त्याच चार प्रश्नांना धरून लिहिले आहे. माझा कौल आधीच सांगतो. उत्तम टॅकल, म्हणजे या रांगेच्या टोकाचा खेळाडू, मिळत असेल तर वरचा क्रमांक त्याच्यावर खर्च करणे योग्य आहे, कारण इतकी दीर्घ आणि भरवशाची सेवा ड्राफ्टमधल्या फार थोड्या खेळाडूंकडून मिळते. मात्र यंदाच्या संघात भगदाड आहे, ते बुजवायचे आहे, एवढ्याच कारणाने ही खरेदी केली तर ती बहुधा फसते.

प्रथम या खेळाडूचे काम पाहू. चेंडू स्नॅप झाल्यावर, म्हणजे खेळी सुरू करण्यासाठी मागे दिला गेल्यावर, क्वार्टरबॅकला विचार करून पास फेकायला दोन-तीन सेकंद लागतात आणि तेवढा वेळ मिळवून देणे हे समोर उभ्या असलेल्या पाच जणांचे काम असते. त्यांतल्या दोन टोकांना टॅकल असतात, आणि प्रतिस्पर्धी संघाचा सर्वांत वेगवान पास रशर, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणारा खेळाडू, बहुतेक वेळा त्यांच्याच अंगावर येतो. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डाव्या टॅकलकडे असते, म्हणून कित्येक दशके डाव्या टॅकलचे मोल अधिक मानले गेले. आता चांगले पास रशर दोन्ही बाजूंनी येत असल्याने हा भेद बराच पुसट झाला आहे. तीनशे पौंडांहून अधिक वजनाचा, लांब हातांचा आणि तरीही मागे सरकताना पायांचा तोल न सोडणारा माणूस मुळातच दुर्मीळ असतो. क्वार्टरबॅक आणि पास रशर यांच्याप्रमाणे टॅकलच्या बाबतीतही वरचे क्रमांक लवकर संपतात, त्याचे मूळ या दुर्मीळपणात आहे.

मोबदल्याचा विचार केला तर लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला २०११ सालचा सामूहिक करार हा मोठा टप्पा आहे. त्याआधी वरच्या क्रमांकाची खरेदी खरोखरच महाग पडत असे. २००८ साली मायामी डॉल्फिन्सने पहिल्याच क्रमांकावर जेक लाँगला घेतले, तेव्हा पाच वर्षांचा करार सुमारे ५ कोटी ७७ लाख डॉलरचा होता आणि त्यातले ३ कोटी हमीचे होते. एकही सामना न खेळलेल्या खेळाडूसाठी ही रक्कम प्रस्थापित टॅकलच्या तोडीची होती. नवोदितांची वेतनश्रेणी ठरल्यानंतर २०१३ साली कॅन्सस सिटी चीफ्सने एरिक फिशरला त्याच पहिल्या क्रमांकावर घेतले, तेव्हा चार वर्षांचा करार सुमारे २ कोटी २० लाख डॉलरवर आला. याउलट, चांगला ठरलेला टॅकल दुसऱ्या कराराला काय मागतो हे पेनेई सूएलवरून कळते: २०२४ साली डेट्रॉइट लायन्सने त्याच्याशी चार वर्षांचा, ११ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. म्हणजे पहिली चार वर्षे, आणि पहिल्या फेरीतल्या निवडीला मिळणारे पाचवे ऐच्छिक वर्ष धरले तर पाच वर्षे, संघाला जे मिळते ते बाजारभावापेक्षा पुष्कळ स्वस्त असते. खरी किंमत पैशांत मोजायची नसून हातून गेलेल्या दुसऱ्या खेळाडूत मोजायची असते, हे लक्षात घेतल्यावरच पुढचा हिशेब नीट लागतो.

या वर्गातले सर्वोत्तम नमुने पाहिले तर विश्वास बसतो. बाल्टिमोर रेव्हन्सने १९९६ साली आपल्या इतिहासातली पहिली निवड चौथ्या क्रमांकावर जोनाथन ऑग्डेनवर खर्च केली आणि पुढची बारा वर्षे डाव्या बाजूची चिंता मिटवली. पुढच्याच वर्षी सेंट लुइस रॅम्सने पहिल्या क्रमांकावर ऑर्लँडो पेसला आणि सिएटल सीहॉक्सने सहाव्या क्रमांकावर वॉल्टर जोन्सला घेतले. हे तिघेही आज हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात, आहेत. ऑग्डेन आणि पेस यांच्या संघांनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, जोन्सच्या संघाने अंतिम सामना गाठला.

परंतु सर्वांत बोलका नमुना जो थॉमसचा आहे, आणि त्याच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. क्लीव्हलंड ब्राउन्सने २००७ साली तिसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या या टॅकलने पहिल्या सामन्यापासून सलग १०,३६३ स्नॅप खेळून काढले. २०१७ च्या हंगामात दंडाचा स्नायू फाटला तेव्हाच तो प्रथम मैदानाबाहेर गेला. पहिल्या दहाही हंगामांत त्याची प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड झाली. सेवेचा दर्जा, सातत्य आणि टिकाऊपणा या तिन्ही निकषांवर याहून चांगली खरेदी कल्पनेतही येत नाही. तरीही थॉमस एकही प्लेऑफ, म्हणजे नियमित हंगामानंतरचा बाद पद्धतीचा, सामना खेळला नाही. त्याच्या पहिल्या हंगामात संघाने दहा सामने जिंकले आणि तरी प्लेऑफ हुकला. त्यानंतर क्वार्टरबॅक एकामागून एक बदलत राहिले, प्रशिक्षक बदलत राहिले आणि पराभवांची रांग लांबत गेली. काही जण यावरून असे अनुमान काढतात की टॅकलवर वरचा क्रमांक खर्च करणे व्यर्थ आहे. मला ते पटत नाही. थॉमसने आपले काम चोख केले. त्याच्या संरक्षणाचा उपयोग करून घेईल असा क्वार्टरबॅक संघाला सापडला नाही. यातून निघणारा निष्कर्ष अधिक नेमका आहे: टॅकल क्वार्टरबॅकचे मोल वाढवतो, पण त्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणून तोडीचा क्वार्टरबॅक समोर उपलब्ध असताना टॅकल घेणे मला कधीच समर्थनीय वाटलेले नाही. २००८ साली डॉल्फिन्सने लाँगला घेतले आणि तिसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक मॅट रायन अटलांटा फाल्कन्सकडे गेला. लाँग पहिली काही वर्षे उत्तम खेळला आणि नंतर दुखापतींनी त्याला गाठले. रायन फाल्कन्ससाठी चौदा हंगाम खेळला.

आता फसलेल्या खरेदीकडे वळू. टोनी मँडरिचचे उदाहरण सर्वांना पाठ आहे: १९८९ साली ग्रीन बे पॅकर्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले आणि त्याच्या मागोमाग बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस आणि डीऑन सँडर्स गेले. पहिल्या पाचांतले ट्रॉय एकमनसह बाकीचे चौघेही हॉल ऑफ फेममध्ये पोहोचले. २००४ साली ओकलंड रेडर्सने दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला रॉबर्ट गॅलरी टॅकल म्हणून टिकला नाही आणि टॅकलच्या आतल्या बाजूला असणाऱ्या गार्डच्या जागी गेल्यावरच स्थिरावला. त्याच्या पाठोपाठ तिसऱ्या क्रमांकावर लॅरी फिट्झजेरल्ड गेला होता. रॅम्सने तर दुसऱ्या क्रमांकावर दोनदा हात पोळून घेतले, २००९ साली जेसन स्मिथ आणि २०१४ साली ग्रेग रॉबिन्सन. रॉबिन्सनची शरीरसंपदा विलक्षण होती, पण कॉलेजमध्ये तो धावण्यावर भर देणाऱ्या संघात खेळलेला होता आणि पास संरक्षणाचे तंत्र त्याला जवळजवळ मुळापासून शिकावे लागणार होते. ते जमले नाही, आणि २०१७ साली सहाव्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात तो डेट्रॉइटला देण्यात आला. त्याच २०१४ च्या ड्राफ्टमध्ये रॅम्सने तेराव्या क्रमांकावर बचावपटू ॲरन डोनाल्डला घेतले होते, म्हणजे एकाच संघाने एकाच रात्री सर्वांत वाईट आणि सर्वांत चांगली खरेदी केली. शरीर पाहून टॅकल घेऊ नये, त्याने प्रत्यक्ष काय काम केले आहे ते पाहून घ्यावा, हे यातून मी ठामपणे सांगेन. सहाव्या क्रमांकावर गेलेला जेक मॅथ्यूज त्या वर्षी शरीराने रॉबिन्सनइतका डोळे दिपवणारा नव्हता, पण त्याचे तंत्र तयार होते, आणि फाल्कन्सला त्याने वर्षानुवर्षे न चुकता सेवा दिली.

२०१३ चा ड्राफ्ट हा या संपूर्ण प्रश्नाची प्रयोगशाळाच म्हणावा लागेल. त्या वर्षी क्वार्टरबॅकची पिढी कमकुवत होती. पहिल्या फेरीत एकच क्वार्टरबॅक गेला, तोही सोळाव्या क्रमांकावर. त्यामुळे पहिल्या चार निवडींत तीन टॅकल गेले: फिशर पहिला, जॅक्सनव्हिल जॅग्वार्सचा ल्यूक जोकल दुसरा आणि फिलाडेल्फिया ईगल्सचा लेन जॉन्सन चौथा. सातव्या आणि दहाव्या क्रमांकावर जोनाथन कूपर आणि चान्स वॉरमॅक हे दोन गार्ड गेले. फिशर चांगला ठरला, असामान्य नाही. दोन प्रो बोल आणि सुपर बोल विजेत्या संघातली डाव्या टॅकलची जागा ही पहिल्या क्रमांकाच्या मानाने मध्यम परतफेड आहे. जोकलची खरेदी मुळातच शंकास्पद होती, कारण जॅग्वार्सकडे २००९ साली आठव्या क्रमांकावर घेतलेला यूजीन मनरो डाव्या बाजूला होताच. जोकलला आधी उजव्या बाजूला उभे केले, मग हंगाम सुरू असतानाच मनरोला दुसऱ्या संघाकडे पाठवून त्याला डावीकडे आणले, आणि पाचव्या सामन्यात घोटा मोडून त्याचे पहिले वर्ष संपले. तो पुढे कधीच स्थिरावला नाही. दोन्ही गार्डही आपल्या क्रमांकाला न्याय देऊ शकले नाहीत. लेन जॉन्सन मात्र या पिढीतला सर्वोत्तम उजवा टॅकल ठरला आणि ईगल्सच्या दोन सुपर बोल विजयांत त्याचा वाटा आहे. याच ड्राफ्टमध्ये टेरॉन आर्मस्टेड तिसऱ्या फेरीत आणि डेव्हिड बाख्तियारी चौथ्या फेरीत, १०९ व्या क्रमांकावर, मिळाले. त्या दोघांची कारकीर्द फिशरपेक्षा सरस झाली असे मी निःशंकपणे म्हणेन.

इथे खरा धडा असा की टॅकलना कोणत्या क्रमाने निवडले जाते, तो क्रम फारसा विश्वासार्ह नसतो. २०२० साली अँड्र्यू थॉमस चौथा, जेड्रिक विल्स दहावा, मेकाय बेक्टन अकरावा आणि ट्रिस्टन वर्फ्स तेरावा गेला. टॅम्पा बे बकनिअर्सने वर्फ्ससाठी चौदाव्यावरून एकच पायरी वर सरकण्याची तसदी घेतली आणि चौघांतला सर्वोत्तम खेळाडू मिळवला. वर्षभरातच तो सुपर बोल विजेत्या संघाचा उजवा टॅकल होता. म्हणून ज्या वर्षी टॅकलची पिढी भरगच्च असेल त्या वर्षी चौथ्या-पाचव्या क्रमांकावर धावत जाण्यापेक्षा थोडे खाली सरकून थांबणे अधिक शहाणपणाचे आहे, असे माझे मत आहे. आणि ज्या वर्षी एकच टॅकल बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे वरचढ असेल त्या वर्षी मात्र थांबू नये.

तोच सुपर बोल, म्हणजे २०२० च्या हंगामाचा अंतिम सामना, या चर्चेत आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. चीफ्सचे दोन्ही नियमित टॅकल, फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, दुखापतीमुळे बाहेर होते. पॅट्रिक महोम्ससारखा क्वार्टरबॅक संपूर्ण सामनाभर मागे पळत राहिला, संघाला एकही टचडाउन करता आला नाही आणि ३१-९ असा पराभव झाला. लाइनमनचे काम आकड्यांत दिसत नाही अशी तक्रार नेहमी होते. ज्याला ते काम डोळ्यांनी पाहायचे असेल त्याने हा सामना पाहावा. पाचांच्या रांगेची ताकद तिच्यातल्या सर्वांत दुबळ्या जागेवरून ठरते, आणि याच कारणाने एकटा महागडा टॅकल घेऊन बाकीच्या चार जागा तशाच सोडणे हा अर्धवट सौदा ठरतो.

सिनसिनाटी बेंगल्सचा २०२१ चा निर्णय मला सर्वांत कठीण वाटतो, कारण त्यात दोन्ही बाजू बरोबर आहेत. संघाचा क्वार्टरबॅक जो बरो याचा गुडघा आदल्या वर्षी, त्याच्या पहिल्याच हंगामात, गंभीर जखमी झाला होता. पाचव्या क्रमांकावर पेनेई सूएल उपलब्ध होता आणि बरोचा कॉलेजमधला सहकारी, पास झेलणारा रिसीव्हर जमार चेसही उपलब्ध होता. बेंगल्सने चेसला घेतले. चेसने १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन करून सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडूचा मान मिळवला आणि संघ थेट सुपर बोलला पोहोचला. त्याच हंगामात बरो नियमित सामन्यांत ५१ वेळा सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडला गेला, टेनेसीविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात ९ वेळा, आणि सुपर बोलमध्ये ७ वेळा. तो अंतिम सामना रॅम्सने २३-२० असा जिंकला आणि बरोच्या शेवटच्या चौथ्या डाउनवर, म्हणजे अखेरच्या प्रयत्नावर, डोनाल्ड त्याच्या अंगावर येऊन पोहोचला होता. चेसशिवाय बेंगल्स तिथवर पोहोचले नसते, आणि चांगल्या रांगेसह ते कदाचित जिंकलेही असते. त्यांनी २०१९ साली अकराव्या क्रमांकावर जोना विल्यम्स हा टॅकल घेतला होता आणि तो खांद्याच्या दुखापतीमुळे पहिले संपूर्ण वर्ष खेळू शकला नव्हता, हेही विसरता कामा नये; वरची निवड खर्चूनही भगदाड लगेच बुजत नाही याचे ते ठळक उदाहरण आहे.

सूएल सातव्या क्रमांकावर लायन्सकडे गेला. तिथे १६ व्या क्रमांकावर घेतलेला टेलर डेकर आणि २० व्या क्रमांकावर घेतलेला सेंटर, म्हणजे रांगेच्या मधोमधचा खेळाडू, फ्रँक रॅगनाउ आधीपासून होते, म्हणजे सूएल रांगेतला पहिला नव्हता तर तिसरा चिरा होता. रॅम्सने अदलाबदलीत देऊन टाकलेला क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ त्या रांगेमागे पुन्हा उभा राहिला, आणि २०२३ च्या हंगामात लायन्सने तीन दशकांहून अधिक काळानंतरचा पहिला प्लेऑफ विजय मिळवून लीगच्या दोन गटांपैकी एनएफसी या गटाचा अंतिम सामना गाठला. वरच्या क्रमांकाची खरेदी योग्य ठिकाणी केल्यास काय घडते, यासाठी मी प्रथम या संघाकडे बोट दाखवेन.

गार्ड आणि सेंटर यांच्याविषयी माझे मत कडक आहे. २०१८ साली इंडियानापोलिस कोल्ट्सने सहाव्या क्रमांकावर क्वेंटन नेल्सन हा गार्ड घेतला आणि पहिल्याच वर्षी तो ऑल-प्रो, म्हणजे त्या हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, संघात गेला. आदल्या वर्षी ५६ सॅक सोसलेल्या संघाने त्या वर्षी फक्त १८ सोसले, जे लीगमध्ये सर्वांत कमी होते. परंतु त्याच वर्षी क्वार्टरबॅक अँड्र्यू लक दुखापतीतून परतला होता आणि दुसऱ्या फेरीत ब्रेडन स्मिथही आला होता, म्हणून सगळे श्रेय एका गार्डला देणे अन्यायाचे ठरेल. आतल्या जागांसाठी पहिल्या फेरीचा उत्तरार्ध हीच योग्य पेठ आहे: डॅलस काउबॉइजने ट्रॅव्हिस फ्रेडरिकला ३१ व्या आणि झॅक मार्टिनला १६ व्या क्रमांकावर घेऊन ते दाखवून दिले. शिवाय पाचव्या ऐच्छिक वर्षाची रक्कम ठरवताना लीग टॅकल, गार्ड आणि सेंटर या सर्वांना एकाच गटात धरते, त्यामुळे गार्ड किंवा सेंटरचे ते वर्ष बाजारभावापेक्षा महाग पडते आणि पहिल्या फेरीचा एक मोठा फायदा तिथे हातचा जातो.

उशिरा मिळणाऱ्या खेळाडूंचा दाखला देऊन वरच्या खरेदीला विरोध करणारे बहुधा ईगल्सचे नाव घेतात, आणि त्यात तथ्य आहे. सेंटर जेसन केल्सी सहाव्या फेरीत मिळाला. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळलेला आणि अमेरिकन फुटबॉल कधीच न खेळलेला जॉर्डन मायलाटा सातव्या फेरीत. २०२४ च्या हंगामात सुपर बोल जिंकलेल्या रांगेत डावा टॅकल मायलाटा, गार्ड आणि सेंटरच्या जागी दुसऱ्या फेरीतले लँडन डिकरसन आणि कॅम जर्गन्स, उजव्या गार्डच्या जागी न्यू यॉर्क जेट्सकडे टॅकल म्हणून अपेक्षा पूर्ण न करू शकलेला बेक्टन, आणि उजव्या टोकाला लेन जॉन्सन होता. पाचांतला एकच जण संघाने स्वतः वरच्या क्रमांकावर घेतलेला होता. पण या रांगेमागे जेफ स्टाउटलंडसारखा प्रशिक्षक वर्षानुवर्षे उभा होता, आणि मायलाटाला पहिल्या सामन्यात सुरुवातीपासून उतरायला तिसरे वर्ष उजाडावे लागले. ज्या संघाकडे तसा शिक्षक आणि तेवढा धीर नाही, त्याने केवळ ईगल्सचे अनुकरण म्हणून सातव्या फेरीची वाट पाहू नये.

थांबण्याचीही किंमत असते, आणि ती ह्यूस्टन टेक्सन्सने दोनदा मोजली. २००२ साली पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या क्वार्टरबॅक डेव्हिड कारला पहिल्याच हंगामात ७६ वेळा सॅक व्हावे लागले आणि हा विक्रम आजही कायम आहे. २०१८ साली त्यांचा क्वार्टरबॅक डिशॉन वॉटसन ६२ वेळा सॅक झाला, तेव्हा पुढच्या वर्षी संघाने टॅकल लॅरेमी टन्सिलसाठी दोन पहिल्या फेरीच्या आणि एक दुसऱ्या फेरीची निवड डॉल्फिन्सला देऊन टाकली. डॉल्फिन्सने टन्सिलला २०१६ साली तेराव्या क्रमांकावर, म्हणजे एकाच निवडीत, घेतले होते.

ही खरेदी करणाऱ्यांना आणि तिच्यावर मत देणाऱ्यांना मी एवढेच विनवीन की पहिल्या हंगामावरून निकाल लावू नका. कॉलेजच्या मोकळ्या आक्रमणातून आलेल्या टॅकलला हातांची जागा, पहिले पाऊल आणि सावरून बसण्याचे तंत्र नव्याने घडवावे लागते, आणि त्याच काळात त्याच्यासमोर देशातले सर्वोत्तम पास रशर उभे असतात. अँड्र्यू थॉमसचे पहिले वर्ष इतके अडखळत गेले की चौथा क्रमांक वाया गेला असे सर्रास लिहिले जात होते. तिसऱ्या वर्षी तो ऑल-प्रोच्या दुसऱ्या संघात होता आणि २०२३ साली न्यू यॉर्क जायंट्सने त्याच्याशी पाच वर्षांचा, ११ कोटी ७५ लाख डॉलरचा करार केला. त्यानंतर दुखापतींमुळे त्याचे बरेच सामने हुकले आणि ती जोखीम या खरेदीत नेहमीच राहते. तरीही त्या ड्राफ्टची चौथी निवड पुन्हा करायची वेळ आली, तर मी टॅकलच घेईन. फक्त थॉमसऐवजी वर्फ्सचे नाव लिहीन.